घराच्या उताऱ्यावर तिचं नाव : ग्रामविकासमंत्र्यांना खुलं पत्र

प्रति,
मा. ग्रामविकासमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

विषय : घराचा उतारा, सरपंचाचं डोंगल, महिला ग्रामसभा आणि दहा टक्के निधी यांबाबत

महोदय,



राज्यात सुमारे २८ हजार ग्रामपंचायती आहेत आणि त्यांतली निम्मी सरपंचपदं बायकांसाठी राखीव आहेत. बाईला गावकारभारात जागा द्यायची की नाही, हा वाद महाराष्ट्रानं कधीच मिटवला. ७३वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ला अमलात आली, तेव्हा आपल्याकडे ३० टक्के राखीव जागा आधीच होत्या. १९९४ साली राज्याचं पहिलं महिला धोरण आलं, २०११ साली आरक्षण ५० टक्क्यांवर गेलं, २०२४मध्ये चौथं महिला धोरण जाहीर झालं. त्याही आधी, १९६३ साली, बारामतीजवळच्या निंबुत गावात कमलाबाई काकडे यांच्या पुढाकारानं अख्खी पंचायत बायकांची निवडून आली होती, आणि तेव्हा ते ३० टक्क्यांचं आरक्षणही आलं नव्हतं. हे सगळं मी महिला सदस्यांच्या प्रशिक्षणवर्गात सांगते तेव्हा माझी कॉलर थोडी ताठ होते, हे कबूल.

तेव्हा धोरणाबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती ग्रामपंचायतीच्या दप्तराबद्दल. बाई खुर्चीत बसली, पण वह्यांमध्ये अजून आली नाही. कोणत्या रजिस्टरात कोणाचं नाव, कोणाच्या नंबरवर निरोप, कोणत्या वेळी सभा, कोणत्या शीर्षावर खर्च, यावर गावातली समानता ठरते, असं माझं आता पक्कं मत झालं आहे. नवी योजना मागायला हे पत्र लिहीत नाही. शासनानं पूर्वीच जे लिहून ठेवलं आहे, ते वहीत उतरवून घ्या, एवढंच मागणं आहे.

सुरुवात घरापासून करते.

२००३ साली शासनाचं परिपत्रक निघालं की गावातल्या घराची नोंद नवरा-बायको दोघांच्या नावे करावी. साधी, स्वस्त आणि कोर्टकचेरी टाळणारी गोष्ट. अर्ज द्यायचा, मासिक सभेत ठराव घ्यायचा, नमुना ८ला नोंद करायची. ही नमुना ८ची वही आपण पाहिलेली असणारच. जाड पुठ्ठा, झिजलेले कोपरे, आडवी पानं. मिळकत क्रमांक, मालकाचं नाव, भोगवटादाराचं नाव, घराचं वर्णन, बांधकामाचं साल, आणि पुढे घरपट्टी, दिवाबत्ती, आरोग्य कर, पाणीपट्टी. मालकाच्या रकान्यात आजोबा असतात, त्यांना लाल शाईनं कंस करून खाली वडील, त्यांना कंस करून तीन भाऊ. आता हे सगळं संगणकावर चढलं आहे, पण चढवताना जे वहीत होतं तेच चढलं. बाईचं नाव या रकान्यात येतं ते बहुधा वारस म्हणून, नवरा गेल्यावर. म्हणजे ज्या घराच्या भिंती तिनं लिंपल्या, ज्याची थकलेली घरपट्टी बचत गटाच्या कर्जातून तिनं भरली, त्या घराच्या कागदावर यायला आधी तिच्या कपाळाचं कुंकू जावं लागतं.

नाव लावलेलं जिथं सापडतं, तिथंही रकाना बघावा लागतो. मालकाच्या खाली लिहायचं ते कुणी भोगवटादाराच्या खाली लिहून मोकळा झालेला असतो, कुणी शेऱ्यात. संयुक्त नोंदीच्या मोहिमेचा आकडा वर गेला, फोटो निघाला, आणि उतारा काढला तर त्यात पूर्वीचंच नाव.

गावातली हरकतही आता पाठ झाली आहे. ‘उद्या भांडून माहेरी गेली तर घर विकेल.’ संयुक्त नावावरचं घर एकट्या बायकोला विकता येत नाही आणि एकट्या नवऱ्यालाही नाही, हे सांगितलं की सभेतले पुरुष गप्प होतात. बायका मात्र तेव्हाच बोलायला लागतात. कारण दारूच्या उधारीपायी किंवा भावकीच्या वादात परस्पर लिहून दिलेलं घर कसं जातं, हे त्यांनी आपल्या नाहीतर शेजारच्या दारात पाहिलेलं असतं.

नमुना ८ हा मालकीचा निर्णायक पुरावा नाही, ती कर आकारणीची वही आहे, हे मला ठाऊक आहे. न्यायालयं ते वारंवार सांगतात. पण गावठाणातल्या घराला सातबारा नसतो. घरकुलाच्या अर्जाला, विजेच्या मीटरला, पतसंस्थेच्या कर्जाला गावात हाच उतारा लागतो. शिवाय आता एक घाईचं कारण आलं आहे. एप्रिल २०२०मध्ये केंद्रानं स्वामित्व योजना सुरू केली. त्याच्याही आधी आपल्याकडे पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीच्या गावठाणावर ड्रोन फिरला होता. गावात चुन्याच्या रेघा मारायच्या, वरून छायाचित्रं घ्यायची, मोजणीचा नकाशा करायचा, चौकशी करायची आणि प्रत्येक घराला सनद व मालमत्ता पत्रक द्यायचं, असा हा क्रम. १८ जानेवारी २०२५ला एका दिवसात देशभर ६५ लाख मालमत्ता पत्रकं वाटली गेली. काम मोठं आहे, ते व्हायलाच हवं होतं.

पण या पत्रकावर नाव येतं कुठून? चौकशीच्या वेळी अधिकाऱ्यापुढे ग्रामपंचायतीचं हेच रजिस्टर असतं. पिढ्यान्‌पिढ्या कच्च्या वहीत राहिलेला पुरुषांचा एकेरी मालकीहक्क आता पक्क्या, नकाशासह, बँकेत चालणाऱ्या कागदावर चढतो आहे. आज जे नाव एका अर्जानं आणि एका ठरावानं लागू शकतं, ते उद्या सनद हातात पडल्यावर लावायचं म्हटलं तर बक्षीसपत्र, दुय्यम निबंधक, मुद्रांक, आणि तालुक्याला चार खेपा. कोणता नवरा ते करेल? कोणती बायको ते मागू शकेल? माझ्या मते स्त्री-पुरुष समानतेच्या दृष्टीनं या दशकातला ग्रामविकास खात्याचा सगळ्यात महत्त्वाचा निर्णय हाच ठरेल, आणि तो चौकशीच्या तारखेआधी घेतला तरच उपयोगाचा. ज्या गावात चौकशी व्हायची आहे, तिथं आधी संयुक्त नोंदीची मोहीम घ्या. जिथं सनदा वाटून झाल्या, तिथल्यासाठी महसूल खात्याशी बोलून बिनखर्चाची वाट काढा.

तशी वाट या राज्यानं एकदा काढलेली आहे, आणि ती शेतकऱ्यांनी दाखवली होती. शेतकरी संघटनेचं चांदवडचं महिला अधिवेशन १९८६ साली झालं. त्यानंतर संघटनेचे नेते शरद जोशी यांनी लक्ष्मीमुक्तीची मोहीम हाती घेतली. गावातले शेतकरी आपल्या जमिनीतला तुकडा बायकोच्या नावे करून देत. जळगाव जिल्ह्यातल्या विटनेरचं नाव त्यामुळे राज्यभर झालं. कांद्याच्या आणि कापसाच्या भावासाठी रस्त्यावर उतरणारे रांगडे गडी तलाठ्याकडे जाऊन स्वतःच्या जमिनीवर बायकोचं नाव लावा म्हणून बसले, हे आजच्या पोरांना सांगितलं तर खरं वाटत नाही. शासन मागून आलं. १९९२च्या सप्टेंबरात परिपत्रक निघालं आणि नवऱ्याच्या अर्जावर सातबाऱ्यावर बायकोचं नाव लावायची सोय झाली. ही सोय आजही कागदावर आहे. किती तलाठी ती आपणहून सांगतात, याची चौकशी आपण महसूलमंत्र्यांकडे करावी.

घरावर नाव नसण्याची एक उलटी शिक्षाही आहे, तिच्याकडे आपलं लक्ष वेधते. सरकारी जागेवर अतिक्रमण असेल तर सदस्याचं पद जातं, हा नियम योग्यच. २०१८ साली महाराष्ट्रातल्याच एका महिला सदस्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं असा अर्थ लावला की अतिक्रमण स्वतः केलं नसलं, घरातल्यानं केलं असलं, तरी त्या घरात राहणाऱ्या सदस्याला ते भोवतं. तत्त्व म्हणून समजतं. पण गावात त्याचा वापर कसा होतो? सून लग्न होऊन त्या घरात येते. सासऱ्यानं कधीकाळी ओसरी पुढे ओढलेली असते. त्या घराच्या उताऱ्यावर तिचं नाव नाही. मात्र ती निवडून आली की त्याच ओसरीचं माप घेऊन तिच्याविरुद्ध जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज पडतो. जळगाव जिल्ह्यातल्या विचखेड्याच्या महिला सरपंचाचं प्रकरण असंच. आपण सासूसोबत त्या जागेत राहतच नाही, नवरा आणि मुलांसह वेगळ्या भाड्याच्या घरात राहतो, असं त्या सांगत होत्या. जिल्हाधिकाऱ्यांनी अपात्र ठरवलं, विभागीय आयुक्तांनी ते उचलून धरलं, उच्च न्यायालयात दाद लागली नाही. शेवटी २७ सप्टेंबर २०२४ला सर्वोच्च न्यायालयानं त्यांना पद परत दिलं आणि बाई सरपंच झाली हे गावकऱ्यांना पचलं नाही, हे स्पष्ट शब्दांत नोंदवलं. एका सरपंचाला खुर्ची राखायला दिल्ली गाठावी लागली. बाकीच्यांना दिल्ली परवडत नाही, त्या घरी बसतात. महिला सरपंचावर अविश्वास आणायला कायद्यानं तीन चतुर्थांश बहुमत घातलं, ते चांगलं केलं. पण पुढचं दार बंद झाल्यावर लोक मागच्या दारानं येतात. अपात्रतेच्या अर्जांचा एकदा लिंगनिहाय हिशोब मांडा, आणि प्राथमिक चौकशीशिवाय अर्ज पुढे जाणार नाही असा नियम करा.

आता डोंगल.

पूर्वी सरपंचाच्या हातातली सत्ता चेकबुकात असायची. ‘सहीपुरती सरपंच’ हा शब्द तेव्हाचा. घरी चेकबुक न्यायचं, चुलीपुढं सही घ्यायची. आता वित्त आयोगाचे पैसे ई-ग्रामस्वराजवरून जातात. ग्रामसेवक, म्हणजे आताचे ग्रामपंचायत अधिकारी, देयक तयार करतात आणि सरपंच डिजिटल स्वाक्षरीनं मान्यता देतो. ही स्वाक्षरी पेनड्राइव्हएवढ्या डोंगलमध्ये असते, तिला पिन असतो. व्यवस्था उत्तम. फक्त ते डोंगल असतं कुठं, हे एकदा तपासा. बऱ्याच ठिकाणी ते संगणक परिचालकाच्या खणात असतं आणि पिन पाकिटावर बॉलपेननं लिहिलेला असतो. काही ठिकाणी ते ‘साहेबां’च्या, म्हणजे बाईंच्या यजमानांच्या, गाडीच्या किल्लीला लटकलेलं असतं. पूर्वी निदान सहीसाठी तरी बाईला विचारावं लागे. आता तेवढीही गरज उरली नाही. आपल्या खात्यानं पारदर्शकतेसाठी आणलेल्या यंत्रानं महिला सरपंचाच्या हातातली शेवटची गोष्ट काढून घेतली, हे मी जबाबदारीनं लिहिते आहे.

वर्गात मी बायकांना डोंगल आणायला सांगते. ‘घरी आहे’, ‘ऑफिसात आहे’, ‘ते काय असतं?’ अशी उत्तरं येतात. मग एखादी पर्समधून काढून दाखवते. तिच्याकडे बाकीच्या ज्या नजरेनं पाहतात, त्यात कौतुकापेक्षा हिशोब जास्त असतो. आपण आजवर किती देयकं मंजूर केली असतील, आणि कोणाची, हा विचार तिथं पहिल्यांदा सुरू होतो. तिथून पुढचं प्रशिक्षण मला फारसं द्यावं लागत नाही.

नंबराचंही तसंच. पंचायत समितीच्या यादीत सरपंच म्हणून नाव बाईचं, मोबाइल नंबर नवऱ्याचा. तालुक्याच्या सरपंचांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात अर्धे सदस्य हे सरपंचांचे यजमान. गटविकास अधिकाऱ्यांची सूचना, बैठकीची वेळ, निधी आल्याचा निरोप, सगळं त्यांना आधी. मग बाई बैठकीला येत नाही म्हणून आपणच नाकं मुरडायची.

नातेवाइकांनी कारभारात ढवळाढवळ करू नये, अशी पत्रं यापूर्वी निघाली. सर्वोच्च न्यायालयात याचिका झाल्यावर केंद्रानं २०२३मध्ये समिती नेमली, तिचा अहवाल २०२५च्या फेब्रुवारीत आला, त्यात कडक दंडाची शिफारस आहे. दंडाबद्दल मला शंका वाटते. नवऱ्यानं खुर्ची बळकावली म्हणून बाईचंच पद जाणार असेल, तर ती शिक्षा नेमकी कोणाला? त्यापेक्षा साध्या गोष्टी करा. डोंगलचा पिन निवडीनंतर पंचायत समितीत सरपंचानं स्वतः बसून बदलावा. यादीतला नंबर तिच्याच नावच्या सिमचा असावा. आणि मंजुरी देताना देयक कशाचं, किती रुपयांचं, हे मराठीत तिच्या फोनवर यावं. सरपंचाचं मानधन सप्टेंबर २०२४मध्ये दुप्पट झालं, लहान गावाला सहा हजार, मोठ्या गावाला दहा हजार. त्यातून बाईला स्वतःचा फोन परवडतो.

महिला ग्रामसभेबद्दल फार लिहायला नको, कारण बहुतेक गावांत ती होतच नाही. कायदा सांगतो की प्रत्येक ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यावी आणि तिथले ठराव ग्रामसभेपुढे ठेवावेत. प्रत्यक्षात प्रोसिडिंग बुकात एक पान लिहिलं जातं आणि अंगणवाडी सेविका दारोदार फिरून सह्या-अंगठे आणते. सकाळी अकराची वेळ धरतात, तेव्हा बायका खुरपणीला नाहीतर रोजगार हमीवर. खरी ग्रामसभा तरी कुठं नीट होते? कोरम एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा शंभर, यांतला कमी असेल तो. तोही भरला नाही की सभा तहकूब, आणि तहकूब सभेला कोरम लागत नाही. आता हे बघा : हीच बायकामंडळी गावातलं दारूचं दुकान बंद करायला निघाली, तर आडव्या बाटलीला, म्हणजे दुकान बंद करण्याच्या चिन्हाला, एकूण नोंदलेल्या महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मतं पडावी लागतात. मतदानाला आलेल्यांपैकी नव्हे, नोंदलेल्यांपैकी. वर्षाच्या आराखड्यातले लाखो रुपये खर्च करायला शंभर माणसं पुरतात किंवा तीही लागत नाहीत, आणि दारू थांबवायला मात्र गावातल्या निम्म्या बायका उन्हात रांगेत उभ्या हव्यात. नियम करणाऱ्यांना कोणत्या गोष्टीची काळजी जास्त होती, हे यावरून कळतं.

बीडकडची गोष्ट आणखी वेगळी. दिवाळीच्या आसपास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात त्या मार्च-एप्रिलात परततात. पुढच्या वर्षाचा ग्रामपंचायत विकास आराखडा करायचा हंगाम नेमका हाच. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत जेव्हा शिरूर, पाटोदा, धारूरकडच्या गावांत झेंड्याखाली आराखडा वाचला जातो, तेव्हा त्या गावांतल्या कितीतरी बायका सांगली-कोल्हापूरकडच्या फडात मोळ्या बांधत असतात. ऊसतोड महिलांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९मध्ये विधिमंडळात गाजला, डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती झाली. त्या प्रश्नाची मुळं पाणी, शौचालय आणि विश्रांती यांत आहेत, हे सगळ्यांनी मान्य केलं. पण या बायकांच्या गावाचा आराखडा त्यांच्या पाठीमागे ठरतो, याकडे कोणाचं लक्ष गेलं नाही. स्थलांतराच्या तालुक्यांसाठी आराखड्याची महिला सभा सप्टेंबरात, टोळी निघण्याआधी घ्या. त्यासाठी घटनादुरुस्ती लागत नाही, एक वेळापत्रक लागतं.

दहा टक्क्यांचं थोडक्यात सांगते. ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचे असतात. लहान गावांत हे उत्पन्नच तुटपुंजं, त्यातले दहा टक्के म्हणजे चहापाण्याचे पैसे. मोठ्या गावांत रक्कम बऱ्यापैकी असते आणि ती शिलाई मशीन, पिठाची गिरणी, अंगणवाडीची खेळणी, हळदीकुंकवाचं वाण यांत संपते. अंगणवाडीची खेळणी हवीतच. पण शिलाई मशीन वर्षानुवर्षं वाटून एका गावात किती शिंपिणी पोसल्या जाणार? बायकांना विचारलं तर त्या वेगळंच मागतात. रात्री शौचालयाला जायच्या वाटेवर दिवा. एसटी थांब्यावर आडोसा. पाण्याची वेळ पहाटेऐवजी संध्याकाळी. लहान पोरं सांभाळायला दुपारची सोय. या मागण्यांना ‘महिला कल्याणा’च्या शीर्षात जागा सापडत नाही, कारण त्या रस्ता, वीज आणि पाणी या शीर्षांत मोडतात. पश्चिम बंगाल आणि राजस्थानातल्या पंचायतींचा राघवेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्थर डफ्लो यांनी अभ्यास केला, तो २००४मध्ये प्रसिद्ध झाला. जिथं प्रमुखपद बाईकडे राखीव होतं, तिथं पिण्याच्या पाण्यावर जास्त खर्च झाला, कारण गावातल्या बायकांची मागणीच ती होती. म्हणून दहा टक्क्यांचा हिशोब लेखापरीक्षणात पाहाच, पण उरलेल्या नव्वद टक्क्यांतलं किती बायकांच्या मागणीवरून खर्च झालं, तोही एक रकाना घाला. माझा कल या दुसऱ्या रकान्याकडे आहे.

गावानं मनावर घेतलं तर काय होतं, ते हेरवाडनं दाखवलं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातल्या या गावानं मे २०२२मध्ये ग्रामसभेत ठराव केला की नवरा गेल्यावर बाईच्या बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचं नाही, मंगळसूत्र आणि जोडवी काढायची नाहीत. ठराव मांडणारी बाई, अनुमोदन देणारी बाई. आपल्या खात्यानं पंधरवड्याच्या आत, १७ मे रोजी, परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींना हाच कित्ता गिरवायला सांगितलं. इतक्या तातडीनं शासन हललेलं मी क्वचित पाहिलं आहे. नंतर शेकडो गावांत तोच ठराव तशाच शब्दांत उतरला. त्यातले किती खरे, किती कागदी, यावर मी इथं बोलत नाही. मला एवढंच म्हणायचं आहे की ज्या सभेनं तिचं कुंकू पुसू नका म्हटलं, त्या सभेला तिचं नाव घरावर लावा म्हणणं अवघड नाही. कुंकवाचा ठराव दुःखाच्या दिवशी उपयोगी पडतो, घराचा ठराव नवरा हयात असतानाही.

आपण म्हणाल, यंत्रणा अपुरी आहे. हे मला पटत नाही. २०२४च्या जुलैत लाडकी बहीण योजना आली. पावसाळ्याच्या दिवसांत, याच अंगणवाडी सेविकांनी, याच ग्रामसेवकांनी, याच परिचालकांनी काही महिन्यांत दोन कोटींहून जास्त बायकांचे अर्ज भरले, आधार जोडले, खाती तपासली. महिन्याला दीड हजार रुपये तिच्या खात्यात गेले. राज्याला हवं असलं की राज्य दारात येतं, हे तेव्हा प्रत्येक बाईनं पाहिलं. ज्या यंत्रणेला तिचं बँक खातं सापडलं, तिला तिच्या घराचा मिळकत क्रमांकही सापडेल.

म्हणून शेवटी एकच ठोस विनंती. आपल्या खात्याच्या पुढच्या आढावा बैठकीत जिल्हा परिषदेच्या प्रत्येक मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याला विचारा : तुमच्या जिल्ह्यात नमुना ८ला एकूण घरं किती, आणि त्यांतल्या किती घरांच्या मालकाच्या रकान्यात बाईचं नाव आहे? उत्तर तालुकावार मागा, ते लोकांना पाहता येईल असं संकेतस्थळावर लावा, आणि दर तीन महिन्यांनी पुन्हा विचारा. पहिल्या वेळी आकडा लाजिरवाणा येईल. येऊ द्या. तो लपवू नका.

आपली,
ग्रामपंचायतींच्या महिला सदस्यांच्या वर्गांत शिकवणारी एक प्रशिक्षक